हरवलेले अडीच मेगावॅट: तापमान-एन्ट्रॉपी आकृतीच्या वाचनाचे एक प्रकरण

वाफेवर चालणाऱ्या एका लहान वीजसंचाच्या तपासणी अहवालात असा निष्कर्ष नोंदवलेला होता की, दर सेकंदाला १० किलोग्रॅम वाफ घेणाऱ्या या संचाकडून पंपाचा खर्च वजा जाता ११.५५ मेगावॅट शक्ती मिळायला हवी, पण मोजमापांत ती ९.०५ मेगावॅटच भरते. सबब उरलेल्या अडीच मेगावॅटचा हिशेब लागेपर्यंत वाफेच्या प्रवाहमापकावर विश्वास ठेवू नये आणि तो उतरवून तपासणीस पाठवावा. अहवाल लिहिणाऱ्या प्रशिक्षणार्थी अभियंत्याने आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ आलेखकागदावर काढलेली तापमान-एन्ट्रॉपी आकृती जोडली होती, म्हणजे उभ्या अक्षावर वाफेचे तापमान आणि आडव्या अक्षावर तिची एन्ट्रॉपी (उष्णता मिळाली की वाढणारी आणि घर्षणानेही वाढणारी राशी). आकृती नेटकी होती, बिंदू आपापल्या जागी होते आणि क्षेत्रफळाची मोजणीही बरोबर होती. चूक होती ती त्या क्षेत्रफळाचा अर्थ लावण्यात, आणि ती चूक पुस्तकी उदाहरणे बिनचूक सोडवणाऱ्या माणसाच्या हातूनही सहज होण्यासारखी असल्यामुळे हे प्रकरण तपशिलात मांडण्याजोगे वाटते.

प्रकरणातील संच अध्यापनासाठी रचलेला आहे. मात्र पाण्याचे व वाफेचे सर्व गुणधर्म वाफेच्या प्रमाणित तक्त्यांतून घेतलेले असल्यामुळे प्रत्येक आकडा वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल. तक्त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत शेवटच्या अंकात किंचित फरक आढळतो, त्याने युक्तिवाद बदलत नाही. ऊर्जेचे आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, दर किलोग्रॅम वाफेमागे किलोज्यूलमध्ये आहेत, आणि एन्ट्रॉपीचे आकडे दर किलोग्रॅम दर केल्विनमागे किलोज्यूलमध्ये. नळांतील दाबाची घट, टर्बाइनच्या सीलमधून निसटणारी वाफ आणि कवचातून बाहेर जाणारी उष्णता हिशेबातून वगळली आहे.

संच आणि त्याचे चार बिंदू

संचाची रचना अगदी साधी आहे. बॉयलर ४ मेगापास्कल दाबाची आणि ४०० अंश सेल्सिअस तापमानाची अतितप्त, म्हणजे उकळण्याच्या तापमानापलीकडे तापवलेली, वाफ देतो; ती टर्बाइनमध्ये प्रसरण पावते आणि १० किलोपास्कल दाबाच्या कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी बनते; ते पाणी पंप पुन्हा बॉयलरमध्ये ढकलतो. अशा चक्राला रँकिन चक्र म्हणतात.

पंपाच्या तोंडाशी असलेले संतृप्त, म्हणजे त्या दाबाला उकळण्याच्या बेतात असलेले, पाणी हा पहिला बिंदू: तापमान ४५.८ अंश, एन्थाल्पी (वाहत्या पाण्याची वा वाफेची ऊर्जा, दाबाचा वाटा धरून) १९१.८, एन्ट्रॉपी ०.६४९३. पंपाचे कार्य फक्त ४ किलोज्यूल असल्यामुळे दुसरा बिंदू १९५.९ एन्थाल्पीवर येतो. पंपात पाण्याचे तापमान अंशाच्या दहाव्या भागाएवढेच वाढते, त्यामुळे सर्वसाधारण प्रमाणाच्या आलेखावर पहिला व दुसरा बिंदू एकाच ठिपक्यात बसतात आणि पाणी तापण्याची रेषा संतृप्त पाण्याच्या वक्राला चिकटूनच वर चढते. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत या दोन बिंदूंमध्ये जे ठळक अंतर दिसते ते केवळ समजण्याच्या सोयीसाठी ताणलेले असते. टर्बाइनच्या तोंडाशी असलेला तिसरा बिंदू ३२१३.६ एन्थाल्पी आणि ६.७६९० एन्ट्रॉपी यांवर आहे.

चौथा बिंदू मात्र तक्त्यातून थेट उचलता येत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ ओली आहे, म्हणजे घुमटाच्या आकाराच्या संतृप्ती वक्राच्या आत आहे, आणि तेथे दाब ठरला की तापमान आपोआप ठरते. कंडेन्सरच्या तोंडाशी बसवलेला तापमापक ४५.८ अंश दाखवतो. पण वाफेत ५ टक्के पाणी असले तरी तो तेच दाखवील आणि २० टक्के असले तरी तेच. आकृतीच्या भाषेत सांगायचे तर ४५.८ अंशांची आडवी रेषा हाती लागते, तिच्यावरचा बिंदू लागत नाही. तो शोधायला ऊर्जेचा हिशेब लागतो. जनित्राची शक्ती व त्याची कार्यक्षमता यांवरून टर्बाइनच्या दांड्यावरील शक्ती ९.०९ मेगावॅट येते, म्हणजे दर किलोग्रॅम वाफेमागे ९०९.२ किलोज्यूल, ते ३२१३.६ मधून वजा केले की बाहेर पडणाऱ्या वाफेची एन्थाल्पी २३०४.४ मिळते. या एन्थाल्पीवरून शुष्कता अंश (ओल्या वाफेतील खऱ्या वाफेचा हिस्सा) ०.८८३ आणि एन्ट्रॉपी ७.२७१८ येते. हा झाला चौथा बिंदू.

तुलनेसाठी आदर्श टर्बाइनचा बिंदूही हवा. त्याला ४अ म्हणू. घर्षण नाही आणि उष्णतेची देवघेवही नाही अशा प्रसरणात एन्ट्रॉपी बदलत नाही, त्यामुळे तिसऱ्या बिंदूतून सरळ खाली सोडलेली उभी रेषा ४५.८ अंशांच्या आडव्या रेषेला जेथे भेटते तेथे ४अ आहे: एन्ट्रॉपी ६.७६९०, शुष्कता अंश ०.८१६, एन्थाल्पी २१४४.०. या टर्बाइनने १०६९.६ किलोज्यूल कार्य दिले असते. प्रत्यक्षात ९०९.२ मिळाले, म्हणून टर्बाइनची समएन्ट्रॉपी कार्यक्षमता ८५ टक्के. या आकाराच्या यंत्राला ती शोभेल अशीच आहे, आणि संचाच्या आखणीतही तीच धरलेली होती. अहवालातील संशय येथेच डळमळायला हवा होता. पण अहवालात हा हिशेब केलेलाच नव्हता. चौथा बिंदू शोधताना प्रशिक्षणार्थ्याने जनित्राची शक्ती वापरली, मग ते कागद बाजूला ठेवून तो पुढे केवळ आकृतीवर विसंबला.

आलेखकागदावर काय घडले

आडव्या अक्षावर १ सेंटिमीटरला ०.५ एन्ट्रॉपी आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ५० अंश, असे प्रमाण घेतलेले होते. त्यामुळे कागदावरचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे २५ किलोज्यूल. प्रमाणाची ही निवड चांगली होती, कारण संपूर्ण चक्र साध्या आलेखकागदावर मावते आणि मिलिमीटरचे चौकोन मोजून येणारी चूक एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही.

पहिल्या प्रयत्नात उभा अक्ष शून्य अंश सेल्सिअसपासून सुरू केलेला होता. तक्त्यांत तापमान सेल्सिअसमध्येच छापलेले असते, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे उष्णता आणि बंद आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे चक्राचे निव्वळ कार्य, असे धरून मोजणी झाली. चारही बिंदू जोडून तयार झालेल्या बंद आकृतीचे क्षेत्रफळ ४६.२ चौरस सेंटिमीटर भरले, बॉयलरमधील रेषेखालचे क्षेत्रफळ ५३.८ भरले, आणि भागाकार केल्यावर चक्राची कार्यक्षमता ८६ टक्के आली. हा आकडा पाहून प्रशिक्षणार्थी स्वतःच थबकला, कारण ४०० अंश आणि ४५.८ अंश या दोन तापमानांमध्ये काम करणाऱ्या कोणत्याही यंत्राची कार्नो मर्यादा, म्हणजे गाठता येणारी सर्वोच्च कार्यक्षमता, ५२.६ टक्के आहे. चूक त्याला लगेच सापडली. रेषेखालील क्षेत्रफळ म्हणजे उष्णता हे समीकरण केवळ केल्विन मापनात, निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या उंचीसाठीच खरे असते. शून्य अंश सेल्सिअसपासून मोजल्यास आकृतीच्या तळाचा २७३ अंश उंचीचा एक भला मोठा पट्टा गळून जातो. गंमत अशी की, बंद आकृतीच्या क्षेत्रफळावर याचा काहीच परिणाम होत नाही, कारण अक्ष वर-खाली सरकवला तरी आकृतीचा आकार तोच राहतो. म्हणजे अंश जसाच्या तसा आणि छेद मात्र निम्म्याहून कमी झालेला.

अक्ष दुरुस्त केल्यावर बॉयलरमधील रेषेखालचे क्षेत्रफळ १२०.७ चौरस सेंटिमीटर झाले, म्हणजे ३०१८ किलोज्यूल. एन्थाल्पीच्या फरकातून येणारा ३०१७.७ हा आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळला आणि त्यामुळे प्रशिक्षणार्थ्याचा आकृतीवरील विश्वास दुणावला. या क्षेत्रफळाचे तीन तुकडे वेगळे मोजले तर तेही जुळतात: पाणी ४५.८ वरून २५०.४ अंशांपर्यंत तापताना ८९१.४, त्या तापमानाला पाण्याची वाफ होताना १७१४.१, आणि पुढे वाफ ४०० अंशांपर्यंत तापताना ४१२.२. मधला तुकडा तर सरळ आयतच आहे, ५२३.५५ केल्विन उंचीचा आणि ३.२७३७ रुंदीचा, त्याचा गुणाकार हातानेही करून पाहावा.

आता कार्यक्षमता ४६.२ भागिले १२०.७, म्हणजे ३८.३ टक्के आली. कार्नो मर्यादेच्या ती बरीच खाली होती. वाफेच्या संचाला शोभेल अशीही होती. बंद आकृतीचे ४६.२ चौरस सेंटिमीटर म्हणजे ११५५ किलोज्यूल, दर सेकंदाला १० किलोग्रॅम वाफ, म्हणून ११.५५ मेगावॅट, आणि मोजमापांत ९.०५. अहवाल येथेच लिहिला गेला.

पहिली चूक मोठी होती म्हणून पकडली गेली; दुसरी समजूतदार दिसणाऱ्या आकड्यामागे लपली. कार्नो मर्यादेची कसोटी लावून समाधान मानणे हा माझ्या मते आपल्या शिकवण्यातलाच एक दोष आहे, कारण रँकिन चक्रासारख्या चक्रासाठी ती कसोटी फार सैल असते. अधिक घट्ट कसोटी त्याच आकृतीत उपलब्ध होती. बॉयलरमध्ये दिलेली ३०१७.७ किलोज्यूल उष्णता ६.११९७ या एन्ट्रॉपीच्या रुंदीने भागली की उष्णता घेण्याचे सरासरी तापमान मिळते, आणि ते येते ४९३ केल्विन, म्हणजे फक्त २२० अंश सेल्सिअस. बॉयलरच्या तोंडाशी ४०० अंश असले तरी उष्णतेचा फार मोठा हिस्सा २५०.४ अंशांवर किंवा त्याहूनही खाली घेतला जातो, म्हणून सरासरी इतकी खाली येते. या सरासरीवरून निर्दोष टर्बाइन असलेल्या चक्राची कार्यक्षमता ३५.३ टक्के ठरते. अहवालातील सदोष टर्बाइनचे चक्र ३८.३ टक्क्यांचे! टर्बाइनमध्ये घर्षण घातले आणि कार्यक्षमता वाढली, असा त्याचा अर्थ होतो.

तुटक असायला हवी होती ती रेषा

हा विरोधाभास वरिष्ठ अभियंत्याने दाखवला तेव्हा प्रशिक्षणार्थ्याचे उत्तर स्वाभाविक होते: “सर, क्षेत्रफळ मी तीन वेळा मोजले आहे.” त्याला सांगण्यात आले की क्षेत्रफळाबद्दल वाद नाही; आता फक्त टर्बाइनच्या रेषेवर बोट ठेव आणि तिच्याखालची उष्णता कोठून आली ते सांग.

एन्ट्रॉपीची व्याख्याच अशी आहे की, व्युत्क्रमी (घर्षणाशिवाय, उलटही फिरवता येईल अशा) प्रक्रियेत पदार्थाला मिळालेली सूक्ष्म उष्णता म्हणजे निरपेक्ष तापमान गुणिले एन्ट्रॉपीतील सूक्ष्म वाढ. रुडॉल्फ क्लाउसियस यांनी १८६५ मध्ये या राशीला नाव दिले, आणि १८७३ मध्ये जोसाया विलर्ड गिब्ज यांनी द्रायूंच्या ऊष्मागतिकीतील आलेखपद्धतींवरील आपल्या लेखात तापमान व एन्ट्रॉपी हे दोन अक्ष घेण्याचे फायदे उलगडून दाखवले. उष्णता क्षेत्रफळाच्या रूपात डोळ्यांना दिसते हा त्यांतला मुख्य फायदा. पण व्याख्येतला ‘व्युत्क्रमी’ हा शब्द गळला की क्षेत्रफळाचा उष्णतेशी असलेला संबंध तुटतो. आपल्या टर्बाइनमध्ये बाहेरून कोणतीही उष्णता येत नाही. तरीही एन्ट्रॉपी ६.७६९० वरून ७.२७१८ पर्यंत, म्हणजे ०.५०२८ ने वाढते. ती वाढ घर्षण, भोवरे, पात्यांच्या टोकांवरून निसटणारी वाफ आणि पाण्याच्या थेंबांचा अडसर यांतून टर्बाइनच्या आतच जन्माला येते. तिसऱ्यापासून चौथ्या बिंदूकडे जाणारी रेषा उजवीकडे कलते ती यामुळे.

बंद आकृतीचे क्षेत्रफळ घेताना प्रशिक्षणार्थ्याने नकळत असे धरले की या कललेल्या रेषेखालचा भागही उष्णता आहे, आणि तीही वाफेला मिळालेली. त्या भागाचे क्षेत्रफळ काढणे सोपे आहे, कारण रेषा सरळ काढलेली असल्याने तो समलंब चौकोन आहे: एका बाजूची उंची ६७३.१५ केल्विन, दुसऱ्या बाजूची ३१८.९६, रुंदी ०.५०२८. क्षेत्रफळ २४९.४ किलोज्यूल. अहवालातील कार्य ११५४.५, प्रत्यक्षातील निव्वळ कार्य ९०५.१, त्यांतला फरक २४९.४. दर सेकंदाला १० किलोग्रॅमप्रमाणे हेच ते हरवलेले अडीच मेगावॅट. टर्बाइनच्या कवचात कोणी अडीच मेगावॅटची विजेची शेगडी बसवली असती आणि टर्बाइन निर्दोष असते, तर अहवालातील हिशेब अचूक ठरला असता.

याच कारणाने अव्युत्क्रमी प्रक्रिया आकृतीत तुटक रेषेने दाखवण्याचा प्रघात आहे. तिची दोन टोके खरी असतात. मधला मार्ग केवळ सोयीसाठी जोडलेला असतो. प्रशिक्षणार्थ्याने ती पट्टीने सरळ आणि ठळक काढली होती. त्याने ती वक्र काढली असती तर क्षेत्रफळ बदलले असते आणि ‘हरवलेले’ मेगावॅटही बदलले असते. हातवळणाप्रमाणे बदलणारी राशी प्रवाहमापकाविरुद्ध पुरावा म्हणून उभी करता येत नाही, एवढे जरी त्याच्या ध्यानात आले असते तरी पुढचे टळले असते.

त्रिकोण आणि आयत

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग तुटक रेषेखालच्या क्षेत्रफळाकडे पाहूच नये. तसे मात्र नाही. प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग इथेच आहे.

तो समलंब चौकोन ४५.८ अंशांच्या आडव्या रेषेने दोन तुकड्यांत विभागला जातो. वर ३, ४अ आणि ४ या बिंदूंमधला त्रिकोण आहे. त्याचे क्षेत्रफळ ८९.० किलोज्यूल, कागदावर ३.६ चौरस सेंटिमीटर. खाली ४अ ते ४ या तुकड्यापासून थेट निरपेक्ष शून्यापर्यंत उतरणारा एक उंच, अरुंद आयत आहे: कागदावर १ सेंटिमीटर रुंद आणि ६.४ सेंटिमीटर उंच. त्याचे क्षेत्रफळ १६०.४ किलोज्यूल.

आता आदर्श टर्बाइनचे १०६९.६ आणि खऱ्या टर्बाइनचे ९०९.२ यांतला फरक काढावा. तोही १६०.४ आहे. हा योगायोग नव्हे. ४अ आणि ४ हे दोन्ही बिंदू एकाच दाबाच्या व एकाच तापमानाच्या आडव्या रेषेवर असल्यामुळे त्यांच्या एन्थाल्पीतला फरक म्हणजे ते तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला फरक, अर्थात हाच आयत. घर्षणामुळे खरोखर गमावलेले कार्य म्हणजे आयत, आणि तेवढाच. बाहेर पडणारी वाफ ओली नसून अतितप्त असती तर खालची रेषा आडवी राहिली नसती आणि हिशेब इतका स्वच्छ जमला नसता, ही मर्यादा मात्र लक्षात ठेवावी.

वरचा त्रिकोण मग काय सांगतो? तुटक रेषा हाच वाफेचा खरा मार्ग आहे असे क्षणभर धरले, तर तिच्याखालचे २४९.४ किलोज्यूल म्हणजे प्रसरणभर घर्षणाने कार्याची झालेली उष्णता. ही उष्णता बाहेर जात नाही, ती वाफेतच मुरते. टर्बाइनच्या पहिल्या पात्यांच्या रांगांत घर्षणाने वाफ थोडी जास्त गरम राहिली तर पुढच्या रांगांना जास्त आकारमानाची वाफ मिळते आणि त्या थोडे अधिक कार्य काढतात. त्रिकोणाचे ८९ किलोज्यूल हा असा परत मिळालेला हिस्सा आहे, आणि आयताचे १६०.४ हा कायमचा गेलेला. म्हणूनच अनेक टप्प्यांच्या टर्बाइनची एकूण कार्यक्षमता तिच्या एकेका टप्प्याच्या कार्यक्षमतेपेक्षा किंचित जास्त भरते, ही टर्बाइनवाल्यांना ठाऊक असलेली आणि ऐकणाऱ्याला प्रथम विचित्र वाटणारी गोष्ट. मार्ग सरळ धरल्यामुळे ८९ या आकड्याचा भरवसा मर्यादित आहे, १६०.४ मात्र मार्गावर अवलंबून नाही, कारण तो केवळ टोकांवरून ठरतो.

अहवालातल्या ११५४.५ या आकड्यालाही यामुळे अर्थ मिळतो. त्याच स्थितींतून, पण घर्षणाशिवाय, जाणाऱ्या वाफेने दिले असते ते हे निव्वळ कार्य. घर्षणाशिवाय त्या स्थितींतून जायचे तर मात्र बाहेरून उष्णता द्यावी लागते, आणि पुन्हा आपण त्या शेगडीपाशी येतो.

निर्णायक पडताळणी आकृतीबाहेरून घेण्यात आली. कंडेन्सरमधून दर सेकंदाला ५०५ किलोग्रॅम शीतकरणाचे पाणी जात होते आणि ते १० अंशांनी तापत होते. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ धरून ही उष्णता २१.१ मेगावॅट येते, म्हणजे दर किलोग्रॅम वाफेमागे २१११ किलोज्यूल. चौथ्या बिंदूची एन्थाल्पी वजा पहिल्या बिंदूची एन्थाल्पी २११२.६. दोन आकडे मोजमापाच्या मर्यादेत एकच आहेत. प्रवाहमापक खरोखरच चुकत असता तर जनित्रावरून काढलेला चौथा बिंदू आणि शीतजलावरून काढलेला चौथा बिंदू एकमेकांना भेटले नसते. आदर्श टर्बाइन असती तर कंडेन्सरला १९५२.२ किलोज्यूलच टाकावे लागले असते, वरचे १६०.४ म्हणजे आपला तोच आयत, आणि शीतजलाच्या १० अंश वाढीपैकी सुमारे पाऊण अंश त्याच्या नावावर आहे.

चक्राची खरी कार्यक्षमता ९०५.१ भागिले ३०१७.७, म्हणजे ३०.० टक्के. काहीही हरवलेले नव्हते.

अहवालाचे शेवटचे पान

अहवालात एक दुसरी सूचनाही होती: बॉयलरचा दाब ४ वरून ८ मेगापास्कल करावा आणि तापमान ४०० अंशांवरच ठेवावे. चुकीच्या वाचनाप्रमाणे कार्यक्षमता ३८.३ वरून ४१.१ वर जाते, असे त्यात दाखवले होते. मूळ वाचनच चुकलेले असल्यामुळे ही सूचना फेटाळून टाकणे सोपे होते. ती नव्याने तपासली गेली हे योग्यच झाले, कारण तिच्यात तथ्य आहे.

दाब वाढला की पाणी उकळण्याचे तापमान २५०.४ वरून २९५ अंशांवर जाते, आकृतीतली सर्वांत लांब आडवी रेषा वर सरकते आणि उष्णता घेण्याचे सरासरी तापमान ४९३ वरून ५१४ केल्विन होते. आदर्श चक्राची कार्यक्षमता ३८.० टक्के होते, आणि टर्बाइनची ८५ टक्के कार्यक्षमता तशीच टिकेल असे धरल्यास संचाची ३२.२ टक्के. दोन टक्क्यांहून अधिक लाभ कोणालाही मोहात पाडील.

पण त्याच आकृतीत नजर खाली नेली की किंमत दिसते. ८ मेगापास्कल व ४०० अंश या स्थितीची एन्ट्रॉपी ६.३६३४ आहे, आधीच्या बिंदूपेक्षा बरीच डावीकडे. तेथून सोडलेली रेषा घुमटात लवकर शिरते आणि टर्बाइनच्या शेवटी वाफेत १६.८ टक्के पाणी उरते. सध्या ते ११.७ टक्के आहे, आणि साधारणतः १२ टक्क्यांच्या आसपास मर्यादा मानली जाते, कारण वेगाने फिरणाऱ्या शेवटच्या पात्यांवर आदळणारे थेंब धातूचे कण उडवत जातात. शिवाय ८५ टक्के टिकेल हे गृहीतकही ढासळते: बाउमान यांच्या ढोबळ नियमानुसार वाफेतील सरासरी ओलावा एक टक्क्याने वाढला की त्या टप्प्यांची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने घटते. लाभाचा काही भाग येथेच परत जातो.

दाब तोच ठेवून तापमान ४५० अंशांवर नेले तर उलटे चित्र दिसते. बिंदू उजवीकडे, ६.९३६३ वर जातो, शेवटचा ओलावा ९.१ टक्क्यांवर येतो, पण संचाची कार्यक्षमता ३०.० वरून ३०.६ टक्केच होते. वाढलेली उष्णता आकृतीच्या उजव्या टोकाला एका अरुंद पट्टीच्या रूपाने बसते, म्हणून सरासरीवर तिचा प्रभाव थोडा. दाबाचा लाभ हवा आणि ओलावा नको, तर प्रसरण मध्येच थांबवून वाफ बॉयलरकडे नेऊन पुन्हा तापवावी लागते. मोठ्या संचांत तेच करतात, पण १० किलोग्रॅम वाफेच्या संचात त्यासाठी लागणारे नळ आणि दुसरे टर्बाइन-कवच परवडेल का, हा प्रश्न आकृतीच्या कक्षेत येत नाही.

ओलाव्याचा आणि कार्याचा असा एकत्र विचार रोज करायचा असेल तर अभियंते रिखार्ड मोलिए यांनी १९०४ मध्ये मांडलेली एन्थाल्पी-एन्ट्रॉपी आकृती पसंत करतात. तिच्यात टर्बाइनचे कार्य उभ्या अंतराच्या रूपाने पट्टीने मोजता येते आणि क्षेत्रफळाचा मोहच उरत नाही. प्रशिक्षणार्थ्याच्या हाती ती असती तर ही चूक झाली नसती, हे खरे. पण मग उष्णता घेण्याचे सरासरी तापमान आणि गमावलेल्या कार्याचा आयत या दोन्ही गोष्टी त्याला डोळ्यांनी दिसल्या नसत्या.

सुधारित अहवालातून प्रवाहमापकाविषयीचा परिच्छेद काढून टाकण्यात आला, आणि दाबवाढीची सूचना १६.८ टक्के ओलाव्याच्या नोंदीसह, पुन्हा तापवण्याच्या खर्चाचा अंदाज येईपर्यंत राखून ठेवण्यात आली. आकृती नव्याने काढली गेली. तिच्यात तिसऱ्यापासून चौथ्या बिंदूपर्यंतची रेषा तुटक आहे, तिच्याखालच्या त्रिकोणात कोणतीही छटा नाही, आणि त्रिकोणाखालचा १ सेंटिमीटर रुंद आयत पेन्सिलीने तिरपा रेघाळून त्यात बारीक अक्षरांत लिहिले आहे: ६.४ गुणिले २५, बरोबर १६०, शीतजलात.